काका, तुमची दुसरी निवृत्ती

काका, तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या बागेत एक फूल शिल्लक नव्हतं. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्ही असतात तर पहिलं तेच विचारलं असतंत. अनंत, तगर, जास्वंद, सगळी झाडं ओरबाडलेली. उजाडायच्या आत लोकांच्या पिशव्या भरून गेल्या होत्या. ज्या माणसाने कात्रपमधल्या उकिरड्याची बाग केली, त्याच्यासाठी आम्ही रिक्षा करून स्टेशनवरून हार आणले. शेवंतीचे, तेही कालचे. त्यातला एक मी घातला आणि वाकून "माफ करा" म्हणाले. काकींना वाटलं, सगळे म्हणतात तसं म्हणतेय. मी तसं म्हणत नव्हते.

सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर हात जोडलेली चित्रं येत होती. 'बागेचा आधारवड हरपला.' लिहिणाऱ्यांची नावं वाचून मला हसू आलं, आणि मग माझंच नाव दिसलं. मीही तेच लिहिलं होतं, ऑफिसातून, घाईघाईत. सेक्रेटरी ना मी. सगळ्यात आधी मलाच लिहावं लागतं.

तुम्ही दोनदा रिटायर झालात. पहिल्यांदा अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीतून, उभी हयात लेथ मशीनवर घालवून. तेव्हा तुम्ही खुशीत होतात, असं काकी सांगतात. कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते तुम्ही दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या केबिनमध्ये लावून आलात, आणि तिसऱ्या दिवशी फावडं घेऊन आमच्या इमारतींमधल्या त्या मोकळ्या प्लॉटवर उतरलात. राडारोडा, फुटक्या फरश्या, डायपर, कुत्री. मी गॅलरीतून बघत होते. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला घरात करमत नाही, चार दिवस करेल. तुमच्या दुसऱ्या निवृत्तीला मात्र मी जबाबदार आहे. त्याबद्दलच लिहायचंय. बाकीचं सगळं मी टाळाटाळ म्हणून लिहितेय, हे तुम्ही एव्हाना ओळखलंच असेल.

टाळाटाळ म्हणजे काय, तर चांगल्या गोष्टी. उदाहरणार्थ त्या पिशव्या. कुंड्या महाग म्हणून तुम्ही चौकाचौकातले जुने फ्लेक्स गोळा करायचात. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, नवनिर्वाचित, कार्यसम्राट, सगळे. ते घडी करून पाठीवर टाकायचे आणि रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये किशनभाईकडे न्यायचे. ते जाड कापड शिवणारे. तुमची आणि त्यांची मैत्री कशी जमली देव जाणे, तुमचं हिंदी ऐकून त्यांना घाम फुटायचा. पण ते फ्लेक्सच्या अशा मजबूत पिशव्या शिवून द्यायचे की तीन तीन वर्षं माती धरून ठेवायच्या. छापील बाजू बाहेर ठेवायची ही तुमचीच खोडी. त्यामुळे आमच्या बागेत एका साहेबांच्या गालामागून भेंडी उगवायची आणि एका ताईंच्या हास्यावर कारल्याचा वेल चढायचा. चेअरमन म्हणाले, अहो बरं दिसत नाही. तुम्ही म्हणालात, निवडणुकीनंतर पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडतायत, पडू द्या. मी खाली बसून हसले होते. गुडघा धरून हसले होते.

आणि आपली भांडणं. मला मधोमध हिरवळ पाहिजे होती, बाक पाहिजे होते. तुम्ही म्हणायचात, हिरवळ कशाला, गाय आहात का. मी म्हणायचे, माणसं नुसती बसायलाही बागेत येतात हो काका. तुम्ही म्हणायचात, बसायला येतात आणि वेफर्सची पाकिटं टाकून जातात. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास मी तुमच्या हाताखाली गवत उपटायचे आणि रोज हा विषय निघायचा. तुम्ही आल्या आल्या "जयभीम, सेक्रेटरीबाई" म्हणायचात. सुरुवातीला मी गडबडून "नमस्कार" म्हणायचे. तुम्ही मिश्यांतल्या मिश्यांत हसायचात. पुढे मीही जयभीम म्हणायला लागले, पण आजूबाजूला कोणी नसेल तेव्हा. हेही तुमच्या लक्षात आलं असणार. तुम्ही कधी बोलला नाहीत.

माझ्या घराच्या दाराच्या कडीला रोज सकाळी दोन जास्वंदी असायच्या. लाल, देठासकट, ओल्या कागदात गुंडाळून. तुमच्या घरी देव्हारा नाही. बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, त्यापुढे मेणबत्ती. पण माझ्या गणपतीला फूल लागतं हे तुम्ही लक्षात ठेवलंत. मला पाय घसरून प्लॅस्टर होतं तेव्हाही चुकवलं नाहीत. दोनच, कधी तिसरं नाही. विहारात वंदनेला जातानाही स्वतःसाठी दोनच न्यायचात. एकदा मी विचारलं, संकष्टीला तरी पाच द्या. तुम्ही म्हणालात, दोन फुलं वाहणाऱ्याला पुरतात, उरलेली झाडाला आणि मधमाश्यांना. माश्या आल्या नाहीत तर दुधी धरणार नाही, मग म्हणाल काकांचा दुधी वांझ.

हा दोन फुलांचा नियम तुम्ही सगळ्या बागेला लावलात, आणि तिथेच बिनसलं.

पहाटे चालायला येणारी मंडळी पिशव्या घेऊन यायची. फांदी खाली ओढायला काठीला तारेचा आकडा लावलेला. देवाच्या फुलांना कोणी अडवत नाही, असा आपल्याकडे सगळ्यांचा समज आहे. शेजाऱ्याच्या कुंपणात हात घालून तोडलेलं फूलही देवाला चालतं. तुम्ही फाटकात उभे राहायला लागलात. आधी गोडीत सांगितलंत, मग आवाज चढवलात, मग एका सकाळी बी विंगच्या शैलावहिनींची पिशवी तुम्ही फाटकाजवळच्या कट्ट्यावर पालथी केलीत आणि सगळ्यांदेखत फुलं मोजलीत. वहिनींचं तोंड उतरलं. मी तिथेच होते.

ते मात्र चुकलंच, काका. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तुम्ही माझं गोड बोलणं कधी ऐकून घेतलंत? त्याच दिवशी मी तुम्हाला म्हटलं होतं, बाईमाणसाची पिशवी चारचौघांत पालथी करायची नव्हती, सॉरी म्हणून मोकळे व्हा. तुम्ही खुरपं पुसत म्हणालात, मी फक्त मोजली. मी म्हटलं, मोजण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी मोजलीत. दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी, पण जास्वंदी यायच्या. ते भांडण आपण मिटवलं नाही. माझ्या बाजूने ते अजून चालू आहे.

मग ती मीटिंग झाली. पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. विषय एक होता, बागेच्या फाटकाला तुम्ही लावलेलं कुलूप. शैलावहिनी उठल्या. त्यांचा अपमान झाला होता, त्यांना बोलायचा हक्क होता. पण त्या पिशवीबद्दल बोलल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "ज्यांच्या घरात देवच नाहीत, त्यांनी आम्हाला देवाची फुलं शिकवायची का?"

इतकंच. आवाज न चढवता.

एकाने खोकला काढला. एकाने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. सगळे हाताची घडी, तोंडावर बोट. तुम्ही वहिनींकडे बघितलंच नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही हो. वाट बघत. माझ्या देव्हाऱ्यात त्या क्षणी तुम्ही सकाळी दिलेली दोन फुलं होती, आणि हे त्या पार्किंगमध्ये फक्त दोघांना माहीत होतं. मी म्हणू शकले असते, वहिनी, माझ्या गणपतीला रोज फूल कोण देतं माहितीय का. एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी पेनाचं टोपण उघडलं, लावलं, उघडलं.

मग तुम्हीच म्हणालात, "पुढचा विषय घ्या, सेक्रेटरीबाई."

आणि मी घेतला.

मी का बोलले नाही? खूप कारणं शोधून ठेवलीत. वहिनींच्या मुलीने माझ्या भाचीला नोकरीला लावलं होतं. मी सेक्रेटरी, मला कोणाची बाजू घेता येत नाही. वाद वाढला असता. सगळी खरी आहेत आणि सगळी मिळून थापच आहे. खरं कारण असं की तुमच्या बाजूने बोलले असते तर त्या लोकांनी माझ्याकडेही तसंच बघितलं असतं, आणि मला ते नको होतं. बस्स.

त्याहून वाईट पुढे आहे. आठवडाभराने चेअरमन म्हणाले, काकांचं वय झालं, बाग एखाद्या कॉन्ट्रॅक्टरला देऊन टाकू, पण त्यांना सांगणार कोण. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, अशा चेहऱ्याने सगळे बसलेले. तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, आपण काकांचा सत्कार करू. एवढी वर्षं सेवा केली, मानाने निवृत्त करू. सगळ्यांचे चेहरे खुलले. मला वाटलं, वा, सापही मेला आणि काठीही मोडली नाही. नको झालेल्या माणसाला शाल घालायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मी नवीन काही केलं नाही. पण शाल निवडायला मीच गेले होते, आणि रंग छान मिळाला म्हणून खूश होऊन आले होते.

सत्काराला त्याच पार्किंगमध्ये त्याच खुर्च्या. मागे तुमचा मोठा फोटो असलेला फ्लेक्स, 'सेवानिवृत्तीनिमित्त सत्कार समारंभ'. ज्याने कधी पगार घेतला नाही त्याला आम्ही निवृत्त करत होतो. शाल, श्रीफळ, भाषणं. शैलावहिनींनी काकींना गुलाब दिला. वहिनींचं भाषण सगळ्यात गोड झालं. तुम्हाला बोलायला सांगितलं तेव्हा तुम्ही माइक लांब धरून म्हणालात, "कंपनीने काढलं तेव्हा घड्याळ दिलं होतं. तुम्ही शाल दिलीत. आता थंडीत बसून वेळ बघायची सोय झाली." सगळे हसले. मीही हसले. मग तुम्ही खिशातून फाटकाची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवलीत. ऊन होती, खिशातल्या उबेने.

जाताना तुम्ही स्टुलावर चढून तो फ्लेक्स स्वतः सोडवलात, घडी घातलीत आणि काखेत मारलात. वॉचमन म्हणाला, काका, आठवण म्हणून ठेवणार का घरात. तुम्ही म्हणालात, माझं थोबाड घरात काकी रोज बघते, तिला आणखी कशाला. पुन्हा सगळे हसले. आम्ही त्या दिवशी फार हसलो.

दुसऱ्या दिवशी कडीला फुलं नव्हती.

तुम्ही त्यानंतर बागेत पाऊल टाकलं नाहीत. गॅलरीत बसायचात, पण खुर्ची आत, भिंतीकडे वळवून. मी जाता-येता वर बघायचे. तुम्ही दिसलात की हात हलवायचे आणि पाय उचलायचे, जणू माझी गाडी सुटणार आहे. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आठवड्यातून एकदा यायचा, पाइप टाकून बिड्या ओढायचा. मधोमध हिरवळ झाली काका, माझी हिरवळ. दोन बाकही आले. मी त्यावर एकदाही बसले नाही.

एकदा कात्रप रोडला भाजीवाल्याकडे आपण भेटलो. तुम्ही मेथी निवडत होतात, जुडी उलटून मुळं बघत. मला म्हणालात, अनंताला कळ्या आल्या का? मी म्हटलं, या ना बघायला, तुमचीच बाग आहे. तुम्ही मेथी खाली ठेवलीत. म्हणालात, "निरोप दिलाय तुम्ही. निरोप दिलेला माणूस आपणहून परत येत नसतो. बोलावलंत तर येईन."

इतकं सरळ सांगितलंत. एवढा अडेल माणूस, पण त्या दिवशी तुम्ही स्वतःहून वाकलात. आणि मी काय म्हणाले? "अय्या, बोलवायला काय लागतं काका!" रिक्षा उभी होती, त्यात बसले. बोलवायला काय लागतं ते मला पक्कं माहीत होतं. आधी त्या मीटिंगमधलं वाक्य परत काढायला लागलं असतं. ते काढल्याशिवाय तुम्हाला बोलावणं म्हणजे पुन्हा शालच घातल्यासारखं झालं असतं. म्हणून आज नको, दिवाळी होऊ दे, नवीन कमिटी येऊ दे, असं करत राहिले. आणि मग तुमच्या छातीत दुखलं.

विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला गेले होते. वंदना चालू असताना सगळ्यांसारखे हात जोडले. काकी रडत नव्हत्या. सगळं आटपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, कॅम्प पाचला किशनभाईकडे यांच्या पिशव्या राहिल्यात, तुम्ही तिकडे गेलात तर आणाल का. मला वाटलं, जुनं काहीतरी असेल. रविवारी गेले.

किशनभाईंना मी तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली. मग उठून माळ्यावरून गठ्ठा काढला आणि दोरी सोडली. काका, तुमचाच फ्लेक्स. त्याच्या पिशव्या. एकीवर तुमचा डोळा आणि अर्धी मिशी, एकीवर कान, एकीवर नुसतं 'निवृत्तीनि', एकीवर आमच्या कमिटीची नावं, त्यात माझं सगळ्यात वर. नवीकोरी शिलाई, दुहेरी.

मी विचारलं, हे कधी दिलं त्यांनी? ते म्हणाले, तुमच्या त्या फंक्शनच्या दुसऱ्याच दिवशी. पिशव्या कधीच्या तयार होत्या, ते दर महिन्याला चहाला यायचे, पण नेत नव्हते. मग किशनभाई म्हणाले, "मैंने पूछा, अंकल, ले क्यों नहीं जाते? बोले, सेक्रेटरी बुलाएगी तब ले जाऊँगा. मैंने बोला, नहीं बुलाया तो? बोले, बुलाएगी. अच्छी है. थोड़ी धीमी है."

कॅम्प पाचच्या त्या दुकानात, कापडाच्या ढिगावर बसून मी रडले. मोठ्याने, लाज सोडून. किशनभाईंनी पंखा माझ्याकडे वळवला आणि चहा सांगितला. तुम्ही माझ्यावर चिडला असतात तर चाललं असतं काका. मी त्याची तयारी केली होती. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात, काकींनी मला दारातून परत पाठवलं असतं, तर माझा हिशेब सोपा झाला असता. पण तुम्ही माझी वाट बघत होतात. दर महिन्याला, चहा पीत, मला 'चांगली' म्हणत. हे मी कुठे ठेवू?

बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात ना, तसं मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली. उजाडता उजाडता फाटक उघडलं. हिरवळीच्या कडेने तुमच्या पिशव्या मांडल्या, छापील बाजू बाहेर. माती चाळली, शेणखत कालवलं, तुम्ही शिकवलं होतं तेवढं सगळं केलं, आणि जुन्या अनंताच्या फांद्या कापून त्यात खोचल्या. जगतील की नाही माहीत नाही. माझ्या हाताला गुण नाही हे तुम्हीच सांगायचात.

शैलावहिनी पिशवी आणि काठी घेऊन आल्या. तुमचा डोळा त्यांना दिसला आणि त्या थबकल्या. म्हणाल्या, अगं बाई, काकांचा फोटो असा मातीत? बरं नाही दिसत ते. मी हात झटकून उभी राहिले. मागे चालायला आलेली चार-पाच माणसं होती. ती असायलाच हवी होती. मी बोलले.

"वहिनी, त्यांनी तुमची पिशवी पालथी केली ते चुकलं होतं. पण मीटिंगमध्ये त्यांच्या घरात देव नाहीत म्हणून तुम्ही जे बोललात, ते फार वाईट होतं. माझ्या गणपतीला रोज फूल तेच द्यायचे. मी हे तेव्हाच, सगळ्यांसमोर, बोलायला हवं होतं."

वहिनींचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. काठी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाल्या, "इतक्या दिवसांनी? आता ते गेल्यावर?"

"हो," मी म्हटलं. "मी थोडी धीमी आहे."